चंद्रपूर : तटबंदीचे नगर आणि कोळशाची भूमी

प्रस्तावना :

दरवर्षी चैत्र महिन्यात नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर या भागांतील हजारो कुटुंबे महाकालीच्या यात्रेसाठी चंद्रपूरला जातात. मराठवाड्यातील ग्रामीण समाजाशी चंद्रपूरचे जे नाते आहे ते प्रामुख्याने या देवीमुळे आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील चंद्रपूर मात्र वेगळे असते. तेथे या जिल्ह्याची ओळख दगडी कोळसा, औष्णिक वीज आणि सिमेंट या तीन शब्दांत आटोपते. एकाच नगराच्या या दोन ओळखी सहसा एकत्र आणून पाहिल्या जात नाहीत. इतिहासाचा अभ्यासक तट आणि समाध्या पाहतो, तर अर्थशास्त्राचा अभ्यासक उत्पादनाचे आकडे पाहतो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही ओळखींचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. चंद्रपूर हे 'खाणींचे शहर' म्हणून ओळखले जात असले तरी ते खाणींमुळे वसलेले शहर नाही. नगर आधीचे आहे, कोळसा पुष्कळ नंतरचा आहे. ज्या दोन नद्यांच्या आधाराने हे नगर उभे राहिले, त्या नद्यांवरच कोळशाच्या अर्थव्यवस्थेचा सर्वाधिक भार पडला आहे. चंद्रपूरच्या आजच्या प्रश्नांचे मूळ या घटनेत शोधावे लागते.

नगराची जडणघडण :

चंद्रपूर (जुने नाव चांदा) ही गोंड राजांची राजधानी होती. तत्पूर्वी राजधानी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे होती. खांडक्या बल्लाळशाह या राजाने ती चंद्रपूरला आणली, अशी परंपरा आहे. या घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी सामान्यतः ती पंधराव्या शतकातील मानली जाते. आख्यायिका अशी की, राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीच्या वेळी तहान लागली असता त्याने झरपट नदीच्या जवळजवळ कोरड्या पात्रातील एका खळग्यातील पाणी घेतले आणि त्या गाठी नाहीशा झाल्या. त्या ठिकाणी अचलेश्वराचे मंदिर उभारण्यात आले. दुसऱ्या आख्यायिकेनुसार कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि ज्या मार्गाने तो धावला त्या मार्गावर तट बांधला गेला. सशाने कुत्र्याला पळविल्याच्या कथा भारतातील अनेक राजधान्यांबद्दल सांगितल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या आख्यायिकेला ऐतिहासिक पुरावा म्हणून फारसे मोल देता येत नाही. पहिली आख्यायिका मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही. नगराच्या स्थाननिश्चितीचे कारण म्हणून लोकस्मृतीने पाणी जपून ठेवले आहे आणि भूगोल तिला दुजोरा देतो. पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट या दोन नद्यांच्या दरम्यान, त्यांच्या संगमाच्या वरच्या अंगास हे नगर वसले आहे.

तटाचे काम अनेक पिढ्या चालले. त्याची लांबी सुमारे ११ किलोमीटर सांगितली जाते. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आणि त्यांच्या जोडीला बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण या नावांच्या पाच खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. खिडक्यांची नावे नगराच्या दैनंदिन जीवनाची कल्पना देतात. मसण खिडकीचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही. तटाच्या आत वस्तीबरोबर शेते आणि तलावही होते. रामाळा तलाव आजही तटाच्या आत आहे. एवढा मोठा परिसर वेढणारा तट शत्रूसाठी होता तसाच तो पावसाळ्यात फुगणाऱ्या इरईसाठीही होता, असे त्याच्या मांडणीवरून दिसते.

आज जे चंद्रपूर पाहावयास मिळते त्याच्या घडणीत राणी हिराईचा वाटा मोठा आहे. पती बीरशाह याच्या मृत्यूनंतर, अठराव्या शतकाच्या आरंभी, दत्तक पुत्र रामशाह वयात येईपर्यंत तिने राज्यकारभार पाहिला. महाकाली मंदिराची आजची वास्तू आणि बीरशाहची समाधी ही तिचीच कामे होत. पत्नीने पतीसाठी बांधलेली वास्तू म्हणून या समाधीची ताजमहालाशी तुलना करण्याचा मोह स्थानिक लेखकांना आवरत नाही. त्या तुलनेची समाधीला गरज नाही. एका स्त्रीने राज्य चालवीत असताना केलेले बांधकाम हेच तिचे वेगळेपण पुरेसे आहे.

लालपेठ भागात अखंड पाषाणातून कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आहेत. त्यांतील सर्वांत मोठी मूर्ती दहा मुखांची आहे. रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्याने भव्य मंदिरासाठी त्या घडवून घेतल्या आणि मंदिर होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला, असे सांगितले जाते. या लालपेठचे नाव पुढे एका कोळसा खाणीला मिळाले. महाकालीचे नावही एका खाणीला मिळाले. चंद्रपुरात 'महाकाली' म्हटल्यावर मंदिर की कॉलरी, असे विचारावे लागते.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी गोंडांची सत्ता संपुष्टात आणली. मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने तट फोडून नगर घेतले आणि नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजांच्या प्रत्यक्ष अमलाखाली आले. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कोळशाचे पर्व सुरू होण्यास त्यानंतर फार काळ लागला नाही.

खडकाला मिळालेले नाव :

नांदेड व लातूर परिसरातील वाचकाला पायाखाली काळा बेसाल्ट पाहण्याची सवय असते. तो लाव्हारसापासून बनलेला असल्याने त्यात कोळसा सापडण्याचा प्रश्नच नाही. परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा रेल्वेने बाहेरून आणावा लागतो, तो याच कारणाने. वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर मात्र हा थर संपतो आणि त्याहून कितीतरी जुने, सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे स्तरित खडक उघडे पडतात. त्यांतील बराकर थरांत कोळसा आहे व त्यावर कामठी वालुकाश्म आहे. गोंडकालीन बांधकामासाठी याच परिसरातील वालुकाश्म हाताशी होता.

भूशास्त्रात या खडकसमूहास 'गोंडवन' असे नाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये ते सुचविले. पुढे ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस यांनी प्राचीन दक्षिण खंडासाठी 'गोंडवनलँड' ही संज्ञा रूढ केली. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका यांच्या भूशास्त्रीय इतिहासात आज जे नाव घेतले जाते ते मध्य भारतातील एका आदिवासी समाजाच्या प्रदेशाचे आहे. हे नाव जगभर पोहोचले ते नेमके त्या समाजाची राज्ये लयाला गेल्यानंतर, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

हिरे, लोखंड आणि कोळसा :

या प्रदेशाला खनिजांची ओळख इंग्रजांनी करून दिली असे नाही. सध्या गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीसाठी बहामनी काळापासून स्वाऱ्या झाल्या. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी' मध्येही तिची नोंद आहे. स्थानिक कारागीर लोहखनिज वितळवून लोखंड तयार करीत असत. मात्र हे उद्योग नगराच्या आश्रयाने चालत होते. नगराचे जीवन त्यांवर अवलंबून नव्हते.

कोळशाने हे प्रमाण उलटे केले. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचे सविस्तर वर्णन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच दशकात वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणण्यात आली. ही खाण १९०६ मध्ये बंद पडली. तोपर्यंत बल्लारपूरची खाण सुरू झाली होती आणि पाठोपाठ चंद्रपूरच्या तटालगत महाकाली, लालपेठ, रय्यतवारी या कॉलऱ्या उभ्या राहिल्या. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्ग पूर्ण झाल्यावर हे क्षेत्र दिल्ली–मद्रास या मुख्य मार्गावर आले. कॉलऱ्यांत कामासाठी तेलुगू भाषक तसेच उत्तरेकडील मजूर आले, आणि तटाबाहेर भाषेने व रीतिरिवाजांनी निराळे असे एक दुसरेच शहर वाढू लागले.

या इतिहासात एक वळण असे आहे की, ज्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्‌झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहारा येथील लोहखनिज उत्तम प्रतीचे आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, हे त्यातून दिसत होते. टाटांनी नमुने तपासणीसाठी जर्मनीला पाठविले. वरोऱ्याचा कोळसा पोलाद भट्टीस लागणारा कोक तयार करण्यास योग्य नाही असे आढळले, शिवाय तत्कालीन सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. योजना बारगळली. विसाव्या शतकाच्या आरंभी लोहाऱ्याची पुन्हा पाहणी झाली, परंतु मोठ्या कारखान्यास पुरेल इतके खनिज तेथे आढळले नाही. अखेरीस टाटांचा कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चंद्रपूरच्या वाट्याला कारखान्याचे शहर होण्याऐवजी इंधन पुरविणारे शहर होणे आले. कोक न होणारा कोळसा बाष्पक तापविण्यास मात्र चालतो. त्याचा परिणाम शंभर वर्षांनी औष्णिक केंद्राच्या रूपाने दिसला.

१९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून त्या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. राष्ट्रीयीकरणानंतर भूमिगत खाणींऐवजी खुल्या खाणींवर भर वाढत गेला. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढतात. खुल्या खाणीत कोळशावरची संपूर्ण माती व खडक उचलून बाजूला टाकावे लागतात. उत्पादन वाढते, पण टाकलेल्या मातीचे डोंगर कोठे उभे राहतात, हा प्रश्न उरतो.

राजुरा आणि नांदेड जिल्हा :

वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, बल्लारपूरच्या समोर, सास्ती व पवनी हे कोळसाक्षेत्र आहे. कोळशाचा थर नदीखालून सलग असला तरी वरची भूमी दोन राज्यांची होती. पूर्व तीर मध्य प्रांताचा आणि पश्चिम तीरावरील राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट व राजुरा हे मराठी भाषक भाग नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आले. किनवट नांदेडमध्ये राहिले. राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाले. म्हणजे सुमारे तीन वर्षे नांदेड जिल्ह्याच्या नकाशात एक कोळसाक्षेत्र होते. आज मराठवाड्यातील विद्यापीठीय अभ्यासात राजुऱ्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक त्या तालुक्याचा १९५९ पूर्वीचा महसुली व शैक्षणिक इतिहास हैदराबाद संस्थानाच्या आणि पर्यायाने मराठवाड्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. संशोधनासाठी हा विषय हाताशी असूनही मोकळा पडला आहे. किनवट आणि राजुरा यांचा तुलनात्मक अभ्यास झाल्यास एकाच जिल्ह्यातून निघालेल्या दोन तालुक्यांपैकी एकाखाली कोळसा व चुनखडक असल्याने काय फरक पडला, हे पाहता येईल.

एक स्पॅनिश तुलना :

खाण आणि ऐतिहासिक नगर यांचे नाते समजण्यासाठी स्पेनमधील आल्मादेनचे उदाहरण उपयोगी पडते. हे नावच अरबी असून त्याचा अर्थ 'खाण' असा आहे. उर्दू जाणणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला त्यात 'मादन' हा शब्द सहज ओळखू येईल. तेथे पारा मिळत असे. अमेरिका खंडातील चांदी शुद्ध करण्यासाठी हा पारा लागत असल्याने स्पेनच्या राजसत्तेने ती खाण शतकानुशतके हाती ठेवली. बंदिवानांना तेथे कामास जुंपले जाई. अठराव्या शतकात खाणकामगारांसाठी तेथे स्वतंत्र रुग्णालयही बांधण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी खाणकाम थांबले, २०११ मध्ये युरोपीय संघाने पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०१२ मध्ये स्लोव्हेनियातील इद्रियासह आल्मादेनचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. जुनी खाण, रुग्णालय, भट्ट्या आता पर्यटकांना दाखविल्या जातात.

आल्मादेनचे सर्व काही खाणीतून निघाले, त्यामुळे खाण हाच तेथील वारसा ठरला. चंद्रपूरला हा मार्ग जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे वारसा खाणीच्या आधीचा आहे आणि खाणीने त्यात भर घालण्यापेक्षा त्याला वेढाच अधिक घातला आहे. तरीही एक गोष्ट तेथून घेण्यासारखी आहे. रुग्णालयाच्या नोंदी, बंदिवानांची दप्तरे, जुनी अवजारे खाण चालू असतानाच्या काळापासून टिकली, म्हणून पुढे संग्रहालय होऊ शकले. चंद्रपूरच्या शंभर वर्षे जुन्या कॉलऱ्यांची हजेरीपत्रके, नकाशे आणि तेलुगू-हिंदी-मराठी मिश्रित कामगार बोलीचे नमुने यांची पद्धतशीर जपणूक होणे म्हणूनच अगत्याचे आहे. खाण बंद झाल्यावर कार्यालयही बंद होते आणि कागद रद्दीत जातात.

नद्या, राख आणि मातीचे ढिगारे :

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट राहिली. या केंद्रासाठी इरई नदीवर धरण बांधण्यात आले. शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही तोच आधार आहे. उन्हाळ्यात साठा खालावला की वीज आणि पिण्याचे पाणी यांच्यात प्राधान्य कोणास, हा प्रश्न उपस्थित होतो. धरणाच्या खाली इरईच्या काठाने खुल्या खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत. पावसाबरोबर ही माती नदीत उतरते, पात्र उथळ व अरुंद होते आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी पसरण्यास जागा उरत नाही. २००६, २०१३ व २०२२ या वर्षी चंद्रपूरने मोठे पूर अनुभवले. पावसाचे प्रमाण हे त्यांचे पहिले कारण होय, हे मान्य करावे लागते. परंतु तेवढाच पाऊस अडथळा नसलेल्या नदीतून कसा वाहून गेला असता, हा विचार टाळता येत नाही. तटाबाहेर, नदीच्या पूरक्षेत्रात वाढलेल्या वस्त्यांची भर त्यात पडली आहे. झरपटची अवस्था याहून वेगळी नाही. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ती व्यापली आहे. ज्या नदीच्या पाण्याने राजा बरा झाला अशी कथा आहे, त्याच नदीत चैत्रात यात्रेकरू स्नान करतात, आणि त्यांत मराठवाड्यातील लोकांची संख्या मोठी असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढीच क्षेत्रे त्याच्या पुढे होती.

भूमिगत खाणींचा धोका डोळ्यांना दिसत नाही. कोळसा काढल्यावर राहिलेल्या पोकळीत वाळू भरण्याची पद्धत आहे. पोकळी रिकामी किंवा अर्धवट भरलेली राहिल्यास वरचा खडक काही दशकांनीही खचू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील आमराई प्रभागात एक घर काही क्षणांत सुमारे सत्तर फूट खोल जमिनीत गेले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी टळली. आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना तेथून हलवावे लागले. ती वस्ती जुन्या भूमिगत खाणीवर होती. तेथे राहणाऱ्यांपैकी किती जणांना याची कल्पना असेल?

तट आणि दोन कायदे :

चंद्रपूरचा तट, दरवाजे आणि गोंड राजांच्या समाध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या सुधारित कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत निर्बंध आहेत. सुमारे अकरा किलोमीटर लांबीच्या तटाला हा नियम दोन्ही बाजूंनी लावल्यास जुन्या शहराचा केवढा भाग त्यात येतो, हे सहज लक्षात येईल. तटालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सामान्य कुटुंबांना घराची दुरुस्तीही अवघड होते आणि तट हा त्यांना वारशापेक्षा अडचण वाटू लागतो. १ मार्च २०१७ पासून 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी तटावरील झुडपे व कचरा काढण्याचे काम शेकडो दिवस चिकाटीने केले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात' कार्यक्रमातही त्याचा उल्लेख झाला. तट सलग पायी फिरता येतो, हे कित्येक चंद्रपूरकरांना त्यानंतर प्रथमच कळले.

खाणींसाठी निराळा कायदा आहे. कोळसायुक्त क्षेत्राचे संपादन १९५७ च्या केंद्रीय अधिनियमाने होते. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या योजनेविषयी मार्गदर्शक तत्त्वे घातली. त्यांनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख व भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये, त्या वर्षीच्या किमतींना धरून, स्वतंत्र खात्यात ठेवावे लागत असत. खाण संपल्यावर जमीन समतल करणे, वृक्षलागवड, सुरक्षितता यांसाठी ही रक्कम आहे. हिशोब खाणपट्ट्याच्या हेक्टरांत होतो. इरईचे उथळ झालेले पात्र, झरपटचा काठ किंवा लालपेठच्या उघड्यावरील मूर्ती कोणत्याही एका खाणपट्ट्यात मोजल्या जात नाहीत. पुरातत्त्व विभागाची हद्द तटापासून मीटरांत मोजली जाते, खाणीची हद्द पट्ट्याच्या नकाशावर असते, आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे या दोहोंच्या मधली जमीन उरते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख २० हजार लोक याच मधल्या जमिनीवर राहत होते.